सर्पगंधेचे मूळ: साल, गाभा आणि बारीक मुळ्या यांत औषध सारखेच असते का?

"डॉक्टर, घरी सर्पगंधेची पूड आहे. नैसर्गिकच आहे, बीपीच्या गोळीबरोबर घेतली तर चालेल ना?" हा प्रश्न रुग्ण विचारतात, आणि बऱ्याचदा निघता निघता, दाराशी उभे राहून विचारतात. त्यावर मला उलटा प्रश्न करावा लागतो: पूड मुळाच्या कोणत्या भागाची आहे? सालीसकट आहे की साल निघून गेलेली? जाड मुळाची की बारीक मुळ्यांची? बहुतेकांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. मुळाची पूड म्हणजे मुळाची पूड, त्यात भाग कसले?

सर्पगंधेच्या बाबतीत मात्र सगळी गोम इथेच आहे. रक्तदाबावर परिणाम करणारी तिच्यातली रसायने मुळात सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. एकाच मुळाच्या दोन तुकड्यांत दहापट फरक पडू शकतो. रक्तदाबाच्या औषधाच्या मात्रेत दहापट फरक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी बीपीचा रुग्ण आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आधी थोडे या मुळाविषयी

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचे झुडूप आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत ते आढळते. झोप न येणे, मनाची अस्वस्थता, उन्माद अशा तक्रारींवर मूळ देण्याची प्रथा जुनी आहे. बिहारकडे तर त्याला सरळ 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी या मुळातून काही अल्कलॉइड वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलिन' असे नाव दिले. (अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त रसायने. ती बहुधा कडू असतात आणि अगदी थोड्या प्रमाणातही शरीरावर जोरदार परिणाम करतात. कॅफिन, निकोटिन, मॉर्फिन ही त्याच कुळातली.) त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो, असे नोंदवले.

पुढचा महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईतला आहे. परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या वापरून काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या लेखामुळे जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळातले मुख्य प्रभावी रसायन, रेसरपिन, वेगळे काढले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. याच सीबाने १९६३ मध्ये गोरेगावला संशोधन केंद्र उभारले. भारतीय वनस्पतींतली रसायने शोधणे हा तिथल्या कामाचा एक मोठा भाग होता. घरात ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतील, तर त्यांना 'अ‍ॅडेल्फेन' नावाची बीपीची गोळी आठवत असेल. तिच्यात रेसरपिन होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की सर्पगंधा म्हणजे 'असून नसून सारखे' असले झाडपाल्याचे औषध नाही. ते खरे औषध आहे, आणि म्हणूनच त्याची मात्रा मोजावी लागते.

मूळ आडवे कापले तर काय दिसते

सुकलेले मूळ बोटाएवढे किंवा त्याहून बारीक, वेडेवाकडे, करड्या-तपकिरी रंगाचे आणि लांबीच्या दिशेने सुरकुतलेले असते. आडवे कापले की दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेर साल, आत फिकट पिवळसर, टणक लाकडी गाभा. गाभ्याचे काम पाणी वर नेण्याचे आणि झाड उभे ठेवण्याचे. त्यात लाकडी नळ्या, तंतू आणि साठवलेले पिष्ट असते. साल ही जिवंत पेशींनी भरलेली असते आणि अल्कलॉइड प्रामुख्याने तिथेच साठतात. मातीतल्या किडी-बुरशीशी पहिला सामना सालीचा होतो, त्यामुळे कडू विषारी रसायने तिथे असणे झाडाच्या सोयीचेच आहे.

आता आकडे. वजनाने पाहिले तर साल संपूर्ण मुळाच्या साधारण ४० ते ६० टक्के भरते. पण एकूण अल्कलॉइडपैकी जवळपास ९० टक्के एकट्या सालीत असतात. गाभ्याच्या वाट्याला उरलेले दहाएक टक्के.

एक सोपा हिशेब करून पाहू. समजा १०० ग्रॅम सुके मूळ घेतले. त्यात साल ४५ ग्रॅम, गाभा ५५ ग्रॅम आणि सगळ्या मुळात मिळून १.३ ग्रॅम अल्कलॉइड. यातले ९० टक्के, म्हणजे १.१७ ग्रॅम, सालीत. याचा अर्थ सालीत अल्कलॉइडचे प्रमाण २.६ टक्के झाले. गाभ्यात उरले ०.१३ ग्रॅम, म्हणजे ०.२४ टक्क्याच्या आसपास. फरक सुमारे अकरापट. एकाच मुळातून एकाला फक्त सालीची आणि दुसऱ्याला फक्त गाभ्याची एक-एक ग्रॅम पूड दिली, तर पहिल्याच्या पोटात २६ मिलिग्रॅम अल्कलॉइड जातील आणि दुसऱ्याच्या पोटात जेमतेम अडीच.

प्रत्यक्षात कोणी मुद्दाम अशी वाटणी करत नाही, हे खरे. पण ती आपोआप होते. सुक्या मुळाची साल खरवडली की सहज सुटते. काढताना ओढाताण झाली, धुताना घासले गेले, पोत्यात महिनोन्महिने आदळआपट झाली, की साल झडते. म्हणूनच जाणकार शेतकरी मूळ खणताना साल शाबूत राहील याची काळजी घेतात. झडलेली साल पोत्याच्या तळाशी भुगा होऊन बसते. आता विचार करा. दुकानदाराने पोत्याच्या वरचे तुकडे उचलून कुटले तर पूड सौम्य होणार. तळाचा भुगा आला तर तीच पूड, त्याच दुकानातली, त्याच भावाची, कितीतरी तीव्र असणार. रंगावरून किंवा वासावरून हा फरक ओळखता येत नाही. कडूपणावरून थोडा अंदाज येतो, पण जिभेने औषधाची मात्रा ठरवणे हा रुग्णाने करून पाहण्याचा प्रयोग नव्हे.

बारीक मुळ्या, वय आणि ऋतू

सगळी साल आणि सगळा गाभा, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मुख्य जाड मुळापेक्षा बारीक फाट्यांमध्ये गाभा कमी आणि त्या मानाने साल जास्त असते. त्यामुळे वजनागणिक अल्कलॉइडही त्यांत जास्त भरतात. दिसायला जाडजूड, भरदार मूळ 'चांगला माल' वाटते, पण इथे दिसणे फसवे आहे.

झाडाचे वयही मोजले जाते. लागवड केलेल्या सर्पगंधेची मुळे साधारणपणे दीड ते तीन वर्षांनी, हिवाळ्यात पाने गळल्यावर काढतात. पावसाळ्यात काढलेल्या मुळांपेक्षा अशा मुळांत अल्कलॉइड अधिक मिळतात. खोडात ती बरीच कमी असतात, तरी वजन वाढवण्यासाठी खोडाचे तुकडे मिसळले जातात. शिवाय याच कुळातल्या दुसऱ्या जातींची मुळे सर्पगंधा म्हणून विकली जातात, ती भानगड निराळीच. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक कळतो. खऱ्या सर्पगंधेच्या सालीत कठीण भिंतींच्या 'दगडी पेशी' नसतात, काही भेसळीच्या जातींत त्या असतात. दुकानाच्या काउंटरवर मात्र हे कळायला मार्ग नाही. रेसरपिन उजेडाने हळूहळू विघटितही होते. खिडकीशी काचेच्या बरणीत वर्षभर ठेवलेली पूड आणि अंधारात नीट बंद ठेवलेली पूड यांत त्यामुळे आणखी फरक पडतो.

सगळी अल्कलॉइड एकाच दिशेने काम करत नाहीत

हा भाग रुग्णांना सर्वात अनपेक्षित वाटतो. सर्पगंधेत पन्नासच्या आसपास अल्कलॉइड सापडली आहेत. रेसरपिन आणि त्याचे भावंड रेसिनॅमिन रक्तदाब उतरवतात आणि मन शांत, कधी कधी फारच शांत करतात. अजमलिन हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतवहनावर परिणाम करते. काही देशांत हृदयरोगतज्ज्ञ ते शिरेतून देऊन ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा लपलेला हृदयविकार उघड करतात, तेही ईसीजी लावून आणि आपत्कालीन तयारी ठेवून. योहिम्बिन गटातली रसायनेही या मुळात असतात, आणि योहिम्बिन रक्तदाब वाढवू शकते.

म्हणून 'एकूण अल्कलॉइड किती' एवढे कळून पुरत नाही, त्यात रेसरपिन गट किती हेही पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार सुक्या मुळात एकूण अल्कलॉइड किमान १ टक्का आणि रेसरपिन-रेसिनॅमिन गट किमान ०.१ टक्का हवा. प्रयोगशाळेत हे एचपीएलसी नावाच्या यंत्रावर मोजतात. मुळाचा अर्क एका बारीक भरलेल्या नळीतून दाबाने सोडला की वेगवेगळी रसायने वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे प्रमाण कळते.

या ०.१ टक्क्यावरून आणखी एक हिशेब. रेसरपिनची गोळी रक्तदाबासाठी दिली जायची तेव्हा नेहमीची मात्रा दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम असे. हो, मिलिग्रॅमचा चौथा भाग. मानकात बसणाऱ्या मुळाच्या २५० मिलिग्रॅम पुडीत रेसरपिन गट तेवढाच भरतो. २५० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर. घरी मात्र 'अर्धा चमचा सकाळी, अर्धा चमचा रात्री' असे सांगितलेले असते. अर्धा चमचा एक ग्रॅम धरला, तरी दिवसाची मात्रा नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या आठपट झाली. त्यात सालीचा भुगा जास्त आला असेल तर त्याहूनही वर.

शरीरात काय होते

आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनालिन, डोपामिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायने छोट्या पिशव्यांमध्ये साठवलेली असतात. रेसरपिन या पिशव्या भरणारी यंत्रणा बंद पाडते. साठा हळूहळू रिकामा होतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो.

'हळूहळू' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि औषध थांबवल्यावरही तो बरेच दिवस टिकतो. समजा मुलुंडच्या एका घरातले आजोबा पूड सुरू करतात. चार दिवसांनी मशीनवर बीपी पाहतात तर तेवढेच. मग चमचा वाढवतात. तिसऱ्या आठवड्यात आधीच्या आणि वाढवलेल्या मात्रेचा परिणाम एकत्र येतो. सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तोवर पूड सुरू केल्याचे घरात कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते, आणि दोष जातो डॉक्टरांनी दिलेल्या गोळीला. गोळी बंद होते, पूड चालू राहते. अंधेरी किंवा घाटकोपरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत अशी चक्कर आली तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

बाकीचे दुष्परिणामही याच साठा रिकामा होण्यातून येतात. सतत नाक चोंदणे हा त्यांतला फार सामान्य, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो सर्दी किंवा अ‍ॅलर्जी म्हणून हमखास दुर्लक्षिला जातो. अ‍ॅसिडिटी, जुलाब, सुस्ती, वाईट स्वप्ने, नाडी मंद होणे हेही आढळते. डोपामिन घटल्याने हातापायांना कंप आणि हालचालीत मंदपणा येऊ शकतो.

सर्वात गंभीर म्हणजे नैराश्य. माणूस गप्प होतो, पहाटे जाग येते, कशातच रस वाटत नाही. घरचे म्हणतात, 'वयामुळे असेल' किंवा 'शांत झालेत, बरेच झाले.' मात्रा जास्त झाली तर हे नैराश्य आत्महत्येच्या विचारांपर्यंत जाऊ शकते आणि औषध बंद केल्यावरही काही महिने रेंगाळू शकते. असे बदल दिसले तर थांबून पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. 'टेलि-मानस' ही शासनाची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

मग सर्पगंधा वाईटच का?

नाही. असे म्हणणे डॉ. वकील यांच्या कामावर अन्याय होईल. कमी मात्रेतले रेसरपिन इतर औषधांच्या जोडीने उपयोगी पडते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृद्धांच्या रक्तदाबावरील 'शेप' या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ज्यांना अ‍ॅटेनोलॉल चालत नव्हते त्यांना दिवसाला ०.०५ मिलिग्रॅमपासून रेसरपिन दिले होते. आज आपल्याकडे त्याहून सोयीची आणि मनावर परिणाम न करणारी औषधे आहेत, म्हणून ते मागे पडले.

प्रशिक्षित वैद्य सर्पगंधा देतात तेव्हा प्रकृती पाहून, मात्रा मोजून, ठरावीक काळासाठी देतात. माझा आक्षेप त्याला नाही. आक्षेप आहे तो सुट्या, नाव-गाव नसलेल्या पुडीला आणि दोन डॉक्टरांपासून एकमेकांची औषधे लपवण्याला. रुग्णांना वाटते, अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर ओरडतील. ओरडले तर ओरडू द्या, पण सांगा.

सर्पगंधेची कोणतीही गोळी किंवा पूड घेत असाल तर वेष्टन पाहा. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर घटकांची यादी, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, प्रमाण, उत्पादन परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. 'वापरलेला भाग' या रकान्यात मूळ लिहिले आहे का ते वाचा. हाच रकाना अश्वगंधेच्या बाबतीतही वाचण्यासारखा आहे. परंपरेने तिचे मूळ वापरतात. पानांत मात्र विथाफेरिन-ए नावाचे रसायन मुळापेक्षा बरेच जास्त असते, आणि २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याचा सल्ला दिला होता.

ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, पोटात अल्सर किंवा आतड्याला सूज आहे, पार्किन्सन्स आहे, नाडी मुळातच मंद आहे, त्यांनी सर्पगंधा घेऊ नये. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनीही नाही, कारण रेसरपिन बाळापर्यंत पोचते आणि नवजात बाळाचे नाक चोंदून त्याला श्वास घेणे व दूध पिणे कठीण होऊ शकते. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. पार्किन्सन्सच्या लेव्होडोपाचा परिणाम कमी होतो, झोपेच्या गोळ्या आणि दारू यांची गुंगी वाढते. नैराश्यावरची औषधे चालू असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात लावू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी मोतीबिंदूची किंवा दाताची, तरी भूलतज्ज्ञांना पुडीबद्दल सांगा. भूल दिल्यावर रक्तदाब अचानक घसरू शकतो.

पूड बरेच दिवस चालू असेल आणि आता हा लेख वाचून ती थांबवावीशी वाटत असेल, तर बीपीची नेहमीची गोळी स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका. परिणाम उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, त्या काळात बीपी बसून आणि उभे राहून, असे दोन्ही प्रकारे मोजून लिहून ठेवा. घरी मशीन नसेल तर जवळच्या महापालिका दवाखान्यात मोजून मिळते. वरचा आकडा १०० च्या खाली, नाडी ५० च्या खाली, चक्कर येऊन पडणे, गुंगीतून नीट जागे न होणे, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, आणि पुडीची पुडी किंवा डबी बरोबर घ्या. तिच्यावर काही लिहिलेले नसले तरी घ्या. किती चमचे आणि किती दिवसांपासून घेतली, ते एका कागदावर लिहून नेलेत तर तिथल्या डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचेल.